एका वेळी एक डोळा : चाळिशीनंतरची दृष्टी आणि नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ

हा मजकूर वाचता वाचता क्षणभर थांबावे, नेहमीचा चष्मा तसाच ठेवून उजवा डोळा तळहाताने अलगद झाकावा आणि हीच ओळ फक्त डाव्या डोळ्याने वाचून पाहावी. मग हात बदलून तीच ओळ उजव्या डोळ्याने वाचावी. दोन्ही वेळा अक्षरे सारखीच स्पष्ट दिसली तर उत्तम. एखाद्या डोळ्याला ती पुसट, वाकडी किंवा मधूनच तुटलेली दिसली, तर ही गोष्ट आजवर आपल्या लक्षात कशी आली नाही, असा प्रश्न पडेल. मेंदू दोन्ही डोळ्यांकडून आलेली चित्रे जुळवतो आणि ज्या डोळ्याचे चित्र चांगले, त्याच्यावर भिस्त ठेवतो. त्यामुळे एक डोळा महिनोन्‌महिने अधू होत गेला तरी दोन्ही डोळे उघडे असताना त्याचा पत्ता लागत नाही.

माझ्या आईच्या बाबतीत हे कांदा चिरताना उघडकीस आले. डोळ्यांत पाणी आले म्हणून तिने डावा डोळा पदराने टिपला आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आले, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसणारे तुळशीवृंदावन उजव्या डोळ्याला दिसतच नाही. तिथे नुसता पांढुरका उजेड आहे. सुई ओवणे, तांदूळ निवडणे, पोथी वाचणे ही सगळी कामे ती कधीपासून एकट्या डाव्या डोळ्यावर करत होती, हे तिलाही सांगता आले नाही. तो मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि दृष्टी परत आली. त्या जागी काचबिंदू असता, तर गेलेली दृष्टी परत आली नसती. ‘आता वय झाले, असे व्हायचेच’ आणि ‘मोतीबिंदूच असेल, बघू दिवाळीनंतर’ ही आपल्या घरांत सहज बोलली जाणारी दोन वाक्ये मला म्हणूनच धोक्याची वाटतात. वयोमानाने होणारे बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, हे खरे आहे. परंतु कोणता बदल निरुपद्रवी आणि कोणता नाही, हे ठरवण्यासाठी आधी तो बदल नीट पाहावा लागतो.

घरी करायची तपासणी

महिन्यातून एकदा, शक्यतो ठरावीक दिवशी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर चांगल्या उजेडात उभे राहावे. वाचायचा चष्मा असल्यास तो लावावा आणि आपण वाचतो तेवढ्या अंतरावर यावे. एक डोळा तळहाताने झाकावा. बोटांनी झाकू नये, कारण फटीतून दिसत राहते, आणि बुबुळावर दाबही देऊ नये, कारण त्यानंतर काही क्षण अंधुक दिसते आणि निष्कर्ष चुकतो. आता पानाच्या मधल्या एका तारखेवर नजर स्थिर ठेवून, डोळा न हलवता, काही गोष्टी पाहाव्यात. तारखांच्या चौकटींच्या रेषा सरळ दिसतात का, की कुठे वाकतात, लहरतात? मधली तारीख स्पष्ट दिसते का, की तिथेच करडा डाग आहे? पानाचे चारही कोपरे एकाच वेळी जाणवतात का? त्यानंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दूरच्या चष्म्याने त्याच पानावरचे मोठे आकडे वाचावेत आणि हा सारा क्रम दुसऱ्या डोळ्याने पुन्हा करावा.

नेत्रतज्ज्ञ ज्या चौकटीच्या तक्त्याने डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे आत जिथे चित्र उमटते त्या थराच्या, मध्यभागाची परीक्षा करतात, त्याचे तत्त्व हेच आहे. न्हाणीघरातील फरशीचे जोड किंवा खिडकीचे गज यांचाही तसाच उपयोग होतो. या तपासणीतून रोगाचे निदान होत नाही आणि ती निर्दोष वाटली म्हणून डॉक्टरांकडील नियमित तपासणी टाळताही येत नाही. मात्र गेल्या महिन्यात सरळ दिसलेली रेषा या महिन्यात वाकडी दिसली, एवढे कळणेसुद्धा अनेकदा दृष्टी वाचवण्यास पुरेसे ठरते.

वयाबरोबर येणारे साधे बदल

वर्तमानपत्र हळूहळू हाताच्या अंतरापलीकडे जाऊ लागते, तेव्हा आपण ‘चाळिशी लागली’ म्हणतो. डोळ्यातील नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असते आणि जवळचे पाहताना अधिक फुगीर होते; वयाबरोबर त्याची लवचिकता कमी होत जाते आणि जवळचे अंधुक दिसते. हा नंबर साठीपर्यंत थोडा थोडा वाढत राहतो. त्यात काळजीचे काही नाही, आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूतही खरी नाही. पहिला चष्मा मात्र केवळ दुकानातील यंत्रावर नंबर काढून घेऊ नये. चष्म्याच्या दुकानात नंबर निघतो, पण बहुतेक ठिकाणी डोळ्यातील दाब, दृष्टीची नस आणि पडदा यांची तपासणी होत नाही. चाळिशीचा पहिला चष्मा हे संपूर्ण नेत्रतपासणी करून घेण्याचे चांगले निमित्त आहे.

वाढत्या वयात बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतील माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. आजोबा दिवसाढवळ्या दिवा लावून वाचतात, याचे कारण हे आहे. त्यांना टोकू नये. उलट त्यांच्या खुर्चीच्या बाजूला, प्रकाश पुस्तकावर पडेल आणि डोळ्यांवर येणार नाही असा दिवा लावून द्यावा, आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी मारावी. डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे आणि त्याच कोरडेपणामुळे उलट पाणी येणे हेही वयाबरोबर वाढते. यासाठी पुढच्या काही आठवड्यांत सोयीने डॉक्टरांना भेटले तरी चालते. तोवर डोळ्यांत मध, तूप, एरंडेल किंवा गुलाबपाणी घालू नये, आणि घरात कुणासाठी तरी आणलेली थेंबांची जुनी बाटली तर मुळीच वापरू नये. अशा बाटल्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज झटकन कमी होते, पण सल्ल्याविना ते वापरत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

मोतीबिंदू : पिकण्याची वाट पाहू नये

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. तो सहसा सावकाश वाढतो, दुखत नाही आणि डोळा लालही करत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात, उन्हात डोळे दिपतात, रंग मळकट दिसतात, एका डोळ्यानेच पाहिले तरी चंद्राच्या दोन-तीन कडा दिसतात आणि वरचेवर नंबर बदलावा लागतो. काही जणांना तर मध्येच जवळचे पुन्हा चांगले दिसू लागते; सत्तरीतली आजी चष्म्याशिवाय वाचू लागली म्हणून घरात कौतुक होते. भिंगाचा गाभा घट्ट झाल्यामुळे लघुदृष्टीचा नंबर तयार झालेला असतो, आणि ही सुधारणा टिकत नाही. कौतुक अवश्य करावे, पण त्याच महिन्यात तपासणीही करून घ्यावी.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला आपल्याकडे अजून ऐकू येतो. तो एके काळी निराधार नव्हता. पूर्वी संपूर्ण भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी काही बसवत नसत. रुग्णाला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा वापरावा लागे, त्यामुळे बरे दिसत असताना शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नव्हता. लंडनमध्ये नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले आणि पुढील दशकांत ही पद्धत रूढ होत गेली. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग विरघळवून काढतात आणि त्याच जागी घडी घातलेले कृत्रिम भिंग उलगडतात. या पद्धतीत मोतीबिंदू फार पिकून टणक झालेला असेल तर शस्त्रक्रिया अवघड होते. काही रुग्णांत अतिपक्व मोतीबिंदू डोळ्यातील दाब वाढवून डोळाच धोक्यात आणतो. त्यामुळे प्रश्न पिकण्याचा नसून गरजेचा आहे. गाडी चालवणे, हिशेब करणे, निवडणे-टिपणे, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखणे यांपैकी आपल्याला हवे असलेले काम चष्मा बदलूनही नीट होत नसेल, तर शस्त्रक्रियेची वेळ आली असे समजावे. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, काढे किंवा व्यायाम यांच्या जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नये. शस्त्रक्रियेखेरीज त्यावर उपाय सिद्ध झालेला नाही.

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वाची सुमारे दोन तृतीयांश प्रकरणे उपचार न झालेल्या मोतीबिंदूची होती. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, जिल्हा रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते आणि गावोगावी शिबिरे भरतात; तरीही ही स्थिती आहे, याची खंत वाटते. अनेक घरांत आजीला ‘मला आता कुठे वाचायचे आहे’ म्हणताना ऐकले जाते. त्यावर मान डोलावून गप्प बसणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिला वाचायचे नसेल, पण रात्री न्हाणीघराकडे जाताना उंबरा दिसायला हवा.

शस्त्रक्रियेनंतरची एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या काही दिवसांत दुखणे वाढले, डोळा अधिक लाल झाला किंवा आलेली दृष्टी पुन्हा मंदावू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधावा, कारण जंतुसंसर्ग झाल्यास उशीर परवडत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू धूसर दिसू लागले, तर ते बहुधा भिंगामागचे पातळ आवरण गढूळ झाल्यामुळे असते. ते लेसरने काही मिनिटांत मोकळे करता येते.

काचबिंदू : नावात साम्य, रोगात नाही

नावांतील ‘बिंदू’मुळे हे दोन रोग एकच असल्याचा किंवा एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत असल्याचा समज पसरला आहे. काचबिंदूत भिंग गढूळ होत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते, बहुतेकदा डोळ्यातील वाढलेल्या दाबामुळे, आणि काही जणांत दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही. दृष्टी आधी कडेकडेने जाते आणि समोरचे अखेरपर्यंत स्पष्ट दिसत राहते. त्यामुळे माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवतो, पण दाराच्या चौकटीला खांदा धडकतो, बाजूने येणारी दुचाकी दिसत नाही, ताटाशेजारचा पेला हात लागून सांडतो. घरच्यांना तो धांदरटपणा वाटतो.

काचबिंदूचा नेहमीचा प्रकार घरी ओळखता येत नाही, एक डोळा झाकूनही नाही, हे येथे स्पष्टच सांगायला हवे. चाळिशीनंतर काही तक्रार नसली तरी एक-दोन वर्षांनी डोळ्यातील दाब आणि नस तपासून घेणे हाच त्यावरचा मार्ग आहे. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल, किंवा दम्यासाठी अथवा सांध्यांसाठी बराच काळ स्टेरॉइड घेतले असेल, तर ही तपासणी आणखी लवकर सुरू करावी आणि चुकवू नये. निदान झाले तर सांगितलेले थेंब रोज, ठरल्या वेळी, सहसा आयुष्यभर टाकावे लागतात. थेंब टाकून दृष्टी सुधारल्यासारखे वाटत नाही, म्हणून पुष्कळ लोक बाटली संपल्यावर नवी आणत नाहीत. थेंबांचे काम उरलेली दृष्टी राखणे हे आहे, ही गोष्ट रुग्णाला आणि त्याच्या मुलांनाही समजावून सांगितली पाहिजे.

याच रोगाचा एक प्रकार मात्र एकाएकी उसळतो. डोळा लाल होऊन प्रचंड ठणकतो, त्याच बाजूचे डोके दुखते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, अंधुक दिसते आणि उलट्या होतात. उलट्या आणि डोकेदुखी पाहून घरचे पित्त झाले किंवा अर्धशिशी उठली असे समजतात आणि रात्र तशीच काढतात. पित्ताने डोळा लाल होत नाही आणि नजर जात नाही. डोकेदुखी, उलटी आणि लाल डोळा या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्याच रात्री डोळ्यांची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

डोळ्याचा पडदा

मधुमेह असणाऱ्यांसाठी नियम साधा आहे : प्रौढपणी मधुमेहाचे निदान झाले त्याच सुमारास पहिली पडदातपासणी आणि त्यानंतर दरवर्षी एक, दृष्टी कितीही चांगली असली तरी. पडद्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होऊ लागतात तेव्हा काहीही जाणवत नाही, आणि उपचार सर्वाधिक उपयोगी पडतात ते नेमके त्याच काळात. रक्तातील साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलतो. म्हणून साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नये, नाहीतर महिन्याभरात तो निरुपयोगी ठरतो.

पडद्याच्या मध्यभागाची वयोमानाने होणारी झीज हा निराळा रोग आहे. त्यात कडेचे दिसते, पण जिथे पाहावे नेमके तिथेच दिसत नाही : चेहऱ्याची कड दिसते, नाकडोळे नाहीत. या झिजेचा कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटून द्रव झिरपतो, आणि दिनदर्शिकेची रेषा अचानक लहरू लागते ती बहुधा तेव्हा. डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांमुळे ओल्या प्रकारात आज बऱ्याच जणांची दृष्टी टिकते, मात्र ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. म्हणून रेषा वाकडी दिसल्यास एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना गाठावे. धूम्रपान हे या झिजेचे मोठे कारण आहे आणि ते कोणत्याही वयात सोडले तरी फायदा होतो. डोळ्यांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्यासच घ्याव्यात. त्यांचा उपयोग या रोगाच्या ठरावीक टप्प्यात दिसला आहे, निरोगी डोळ्यांसाठी नव्हे.

आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना तरंगणारे ठिपके, धागे किंवा कोळिष्टके पन्नाशीनंतर पुष्कळांना दिसतात. डोळ्यातील जेलीसारखा द्रव आक्रसून पडद्यापासून सुटतो, त्याच्या त्या सावल्या असतात आणि कालांतराने त्यांची सवय होते. परंतु असे ठिपके एकाएकी पुष्कळ वाढले, सोबत अंधारात वीज चमकल्यासारखे दिसले किंवा एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर पडद्याला भोक पडल्याची किंवा तो सरकत असल्याची शक्यता असते. उणे नंबर मोठा असणाऱ्यांना आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा धोका अधिक असतो. नुसते भोक असताना लेसरने काम भागते. पडदा सरकल्यावर मोठी शस्त्रक्रिया लागते. यासाठी जायचे ते त्याच दिवशी.

कोणत्या लक्षणाला किती वेळ

एका डोळ्याची दृष्टी काही क्षणांत, न दुखता, गेली तर तो पडद्याच्या मुख्य रक्तवाहिनीतील अडथळा असू शकतो. हा डोळ्यातला पक्षाघातच होय, आणि पहिले काही तास अत्यंत मोलाचे असतात. दृष्टी दहा मिनिटांनी परत आली तरीही थांबू नये, कारण तो येऊ घातलेल्या पक्षाघाताचा इशारा असू शकतो. दृष्टीबरोबर तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोबडे बोलणे दिसले, तर नेत्रतज्ज्ञ शोधत न बसता १०८ क्रमांकाला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावे.

एकाचे दोन दिसू लागल्यास पुन्हा एक डोळा झाकून पाहावे. एक डोळा झाकल्यावरही दोन दिसत असतील तर दोष बहुधा भिंगाचा, कोरडेपणाचा किंवा नंबरचा असतो आणि काही दिवसांत दाखवले तरी चालते. कोणताही डोळा झाकताच एकच दिसत असेल, तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाही असा अर्थ होतो. हे अचानक सुरू झाले असेल तर त्याच दिवशी, आणि पापणी खाली उतरली असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारी टाळू, चावताना भरून येणारा जबडा आणि त्याबरोबर अंधुक दिसणे ही लक्षणे रक्तवाहिन्यांच्या सुजेची असू शकतात. उपचाराविना दुसराही डोळा जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे वृद्धांना विनाकारण सोसावे लागते. दृष्टी खूप अधू झालेल्या काही वृद्धांना समोर नसलेली माणसे, मुले, फुले किंवा नक्षी दिसते. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत याची नोंद केली आणि आज ही स्थिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डोळ्यांकडून चित्रे येईनाशी झाली की मेंदू स्वतःच ती रचतो. माणसाची बुद्धी शाबूत असते आणि दिसते ते खरे नाही, हे त्यालाही समजते. वेड लागले म्हणतील किंवा बाहेरची बाधा समजतील, या भीतीने वृद्ध ते लपवतात. घरच्यांनी शांतपणे विचारावे, आणि नेत्रतज्ज्ञांना सांगावे.

भेटीला जाताना

पडदा तपासण्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचे अंधुक दिसते आणि ऊन सहन होत नाही. म्हणून सोबत कुणाला तरी न्यावे, स्वतः गाडी चालवत जाऊ नये आणि काळा चष्मा बरोबर ठेवावा. वापरात असलेले सगळे चष्मे, चालू औषधांची यादी आणि अलीकडचे साखरेचे व रक्तदाबाचे आकडे न्यावेत. प्रोस्टेटसाठी गोळ्या चालू असल्यास आणि रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुली सैल पडते. आधी कळले तर डॉक्टर तशी तयारी ठेवतात. ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावर न थांबता कोणत्या डोळ्याला, कधीपासून, एकाएकी की हळूहळू, जवळचे की दूरचे, दिवसा की रात्री, हे सांगावे. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे झाकून पाहिले असतील, तर या प्रश्नांची उत्तरे तयार असतात.

निघताना दाब किती आला, नस कशी आहे आणि पुढची तपासणी कधी, हे कागदावर लिहून घ्यावे. दृष्टिक्षेत्राचे आलेख आणि पडद्याचे फोटो घरी फाइलमध्ये तारखेनुसार लावावेत आणि डॉक्टर बदलले तरी सोबत न्यावेत. काचबिंदूसारख्या सावकाश रोगात आजच्या एका आलेखावरून फार थोडे कळते. दोन वर्षांपूर्वीचा आलेख शेजारी ठेवला की नस स्थिर आहे की खचते आहे, हे डॉक्टरांना पाहता येते.